हेन्रीसाहेबाची पेटी

"खरं बोल! पेटी ऐकून राहिली!"

नादबाबाने हात वर केला आणि नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या त्या पत्र्याच्या मंडपात बसलेली शे-दीडशे माणसं चिडीचूप झाली. १९७७ सालच्या मार्चमधली शनिवारची दुपार होती. पत्रा तापला होता, पण कोणी पदरानेसुद्धा वारा घेत नव्हतं. समोर चौरंगावर एक काळी पेटी होती. तिच्या तोंडावर जाळीदार कापड आणि कापडाआड काचेचे चार दिवे, निखाऱ्यासारखे लाल. मधूनच त्यांतल्या एकात निळसर उजेड हलायचा आणि पुढच्या रांगेतल्या बाया हात जोडायच्या. पेटीवर झेंडूचा हार घातलेली एक गिटार आडवी ठेवली होती. तिची तार पेटीत गेली होती.

त्या दिवशीचा आरोपी होता रामाजी, पारशिवनीकडचा एक वाळकुडा गवळी. शेजाऱ्याचा बैल मेला होता आणि रामाजीने त्याला विष घातलं असा संशय होता. उंबऱ्याशी एका बाईने तांब्याभर तीर्थ ओतून त्याचे पाय धुतले. ओल्या पायांनी तो शेणाने सारवलेल्या ओलसर जमिनीवर येऊन उभा राहिला. बाबाने बोर्डातला प्लग काढला, कपाळाला लावला, त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, पुटपुटत परत खोचला. पेटी गुरगुरली. घूंऽऽऽ.

"लाव हात! पाप नसन तर फुलावानी वाटन. पाप असन तर साहेब सोडत नसतो!"

रामाजीने तारांवर हात ठेवला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटला नाही. त्याचं अंग धनुष्यासारखं वाकलं आणि तो दोन हात मागे फेकला गेला. पडल्या पडल्या तो थरथरत होता. धोतर ओलं झालं होतं.

"म्याच मारलं!" तो ओरडायला लागला. "इख म्याच घातलं गा! मले सोडा!"

"नादबाबा की जय!" मंडप दणाणला.

मी सगळ्यांत मागे उभा होतो. पुढच्या शनिवारी त्याच ओल्या जमिनीवर माझी धाकटी बहीण प्रेमिला उभी राहणार होती, पोटात सहावा महिना घेऊन. आणि ती पेटी माझी होती.

आता पेटीची गोष्ट सांगतो, म्हणजे माझ्या शहाणपणाची सगळी कथाच सांगतो. पेटी म्हणजे गिटारचा अँप्लिफायर, विलायती, व्हॉल्व्हचा. अजनीच्या रेल्वे कॉलनीत हेन्री पॉवेल नावाचा एक गार्ड राहायचा. तो ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा त्याने तो मला विकला. मी तेव्हा एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. बाकीच्या ऑर्केस्ट्रांकडे नवे ट्रान्झिस्टरवाले अँप्लिफायर आले होते, साफ आणि कोरडे. माझा मात्र आवाज वाढवला की सूर जरा फाटायचा, आणि त्या फाटण्यात असा गोडवा यायचा की धनवटे रंगमंदिरापासून कामठीच्या छावणीपर्यंत लोक विचारायचे, हा टोन कुठला?

एखाद्या शहाण्याने सांगितलं असतं, जुने व्हॉल्व्ह आहेत. मी स्टेजवर माईकसमोर उभा राहून म्हणालो, "मित्रहो, हेन्रीसाहेब गिटार वाजवता वाजवता याच पेटीवर डोकं ठेवून वारले. आज जो सूर ऐकताय तो माझा नाही, त्यांचा आहे." टाळ्या पडल्या. मग प्रत्येक कार्यक्रमात साहेब मरायला लागला. कधीकधी गिटार हातात असताना ओठ माईकला लागले की मला झिणझिण्या यायच्या. त्याचीही मी गोष्ट केली: साहेब आज रागावलेत. पुढे वादकसुद्धा पेटीचा मागचा फळा उघडायला घाबरू लागले. व्हॉल्व्ह बदलला तर टोन जाईल, म्हणजे साहेब जाईल! आणि खोटं कशाला बोलू, सात वर्षं तेच तेच सांगून मीही अंधारात त्या पेटीकडे पाठ करून उभा राहत नसे.

आमच्या कार्यक्रमांना लायटिंग करायचा नत्थू. ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा पेटी त्यानेच मागून नेली. वर्षभरात नत्थूने दाढी वाढवली, पायांत खडावा चढवल्या आणि त्याचा नादबाबा झाला. माल माझा आणि जाहिरातही माझीच, त्याने फक्त दुकान थाटलं.

प्रेमिलाचं सासर त्या मंडपापासून चार घरांवर. तिच्या जावेचं दीड वर्षाचं लेकरू माघात गेलं होतं. सासू तुळसाबाई त्या दुःखाने वेडीपिशी झाली होती, आणि कोणीतरी तिच्या कानात घातलं की धाकट्या सुनेने आपल्या पोटातल्या लेकरासाठी मोठीच्या लेकरावर करणी केली. हे ज्याने घातलं तो नत्थू होता की शेजारीण, ते मला आजवर कळलेलं नाही.

त्याच शनिवारी संध्याकाळी मी प्रेमिलाला आणायला गेलो. तुळसाबाई दारातच आडवी आली.

"न्या न, मधुकरराव. पन शनिवारच्या आधी गेली तर तिनं कबूल केलं असं समजू. मंग आनू नका वापस."

प्रेमिला तिच्या मागून म्हणाली, "दादा, मी लावते हात. म्या काही केलंच नाई, तर मी काहून भिऊ?"

एवढा वेळ मी धीर धरून होतो. हे ऐकलं आणि तो सुटला. निर्दोष होती म्हणूनच ती पेटीवर विसंबून होती.

रविवारी पहिल्या बसने मी कोराडीला गेलो. देवराव मेश्राम माझा शाळेपासूनचा दोस्त, तिथल्या वीज केंद्रात नोकरीला. त्याने फडक्याने खाटेवरची राख झटकली, मला बसवलं आणि सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं. आत्मा, साहेब, निळा उजेड, यांतलं त्याने काहीच विचारलं नाही.

"त्या रामाजीचे पाय ओले होते काय?"

"हो. तीर्थानं धुतात सगळ्यांचे."

"आन बाबाचे?"

"बाबा खडावा घालून असतो."

"लाकडाच्या." देवराव उठून फेऱ्या मारायला लागला. "मधुकर, त्या पेटीच्या प्लगले तीन पाय होते. मी पाह्यले होते. तिसरा कोठं गेला?"

माझी मान खाली गेली. अर्थिंगची तार मीच कापली होती. ती असली की पेटी सारखी गुणगुणायची आणि टोन मळायचा. आम्ही सगळेच वादक असं करायचो. दोन पायांचा प्लग लावायचा, काम भागलं.

"तुझ्या टोनसाठी जीव वाचवनारी तार कापली तू," देवराव म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. मग त्याने समजावून सांगितलं. विजेच्या दोन तारा, एक जिवंत, एक थंड. पेटीच्या आतल्या लोखंडी सांगाड्याला त्यातली एक तार वीज अडवून धरणाऱ्या एका छोट्या कपॅसिटरमधून जोडलेली असते. जुना झाला की तो आतून जळतो आणि वीज सरळ सांगाड्यात येते. सांगाड्यातून गिटारच्या तारांत. दोन पायांचा प्लग कसाही खोचता येतो. एका बाजूने खोचला तर सांगाडा थंड. उलटा करून खोचला तर जिवंत. माणूस लाकडावर उभा असेल तर विजेला जमिनीकडे जायला वाट नसते, काही होत नाही. ओल्या पायांनी ओल्या मातीवर उभा असेल, तर त्याच्या अंगातूनच वाट होते.

"आन ओठाले झिणझिण्या येत होत्या तुले? तो साहेब नोयता, मेन लाइन होती. वाचला तू."

"पण तो खरं-खोटं ओळखतो कसं?"

"तो वळखत नाई. तो ठरवते. हात लावायच्या आधी काय करते तो?"

"प्लगची पूजा. कधी हळद लावतो, कधी कुंकू..."

बोलता बोलता माझी जीभ अडखळली. रामाजीच्या वेळी कुंकू. त्याच्या आधी, ज्या किराणावाल्याने मंडप घालून दिला होता त्याचा पोरगा आला तेव्हा हळद. प्लगच्या एका अंगाला हळद, दुसऱ्या अंगाला कुंकू: हळद वर ठेवून खोचला की पेटी थंड, कुंकू वर ठेवून खोचला की जिवंत. दसऱ्याला आपण शिलाई मशीनपासून ट्रकपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लावतो, तिथे प्लगवरच्या बोटांकडे कोण संशयाने पाहणार?

"तिले हात लावू देऊ नको," देवराव म्हणाला. "काहीबी कर. रामाजीले झटक्यानं फेकलं म्हून तो वाचला. मूठ आवळली असती तर सुटला नसता. पोटुशी बाई आहे ती. मी शनिवारी पाळी संपवून येतो. बल्ब घेऊन येतो."

शनिवारी दुपारी मी मंडपाशी पोचलो तेव्हा देवरावचा पत्ता नव्हता. नत्थूने मला पाहिलं आणि पडद्यामागे ओढलं.

"मधुभाऊ, बरं झालं आले. आज तुम्ही सोता साहेबाची गोष्ट सांगा पब्लिकले. तुमच्या तोंडून अलग वजन येते."

"नत्थू, माझी बहीण आहे ती."

"मले माहीत आहे न भाऊ." त्याने खांद्यावर हात ठेवला. नखांत एकीकडे पिवळं होतं, एकीकडे लाल. "तुम्ही गोष्ट सांगा, तिले फुलावानी वाटन. नाई सांगितली, तर मंग साहेबाची मर्जी."

काय सांगू, मला हायसं वाटलं. एक जुनीच थाप अजून एकदा मारायची आणि बहीण वाचणार, घरात नांदणार. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन पेटीशेजारी उभा राहिलो.

प्रेमिला उंबऱ्याशी होती. तांब्यातलं पाणी तिच्या पायांवर ओतलं जात होतं. तिच्यामागे बायजाबाई नावाची एक म्हातारी रांगेत होती. पुतण्यांनी तिला आणलं होतं, गावात कोणाची तरी गाय आटली होती म्हणून. पाय धुवून घ्यायला तिने लुगडं घोट्यावर धरलं होतं. रामाजी कोपऱ्यात झाडू घेऊन बसला होता, पापाचं प्रायश्चित्त म्हणून पाच शनिवार मंडप झाडायची त्याला शिक्षा होती. माझी बहीण सुटली असती. म्हातारीसाठी कुंकू तयारच होतं.

"मित्रहो," मी सुरुवात केली. "हेन्रीसाहेब... हेन्रीसाहेब मेले नाहीत."

"आत्मा अमर आहे!" नत्थूने घाईघाईने जोडलं.

"आत्मा नाही, साहेबच जिवंत आहे! ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. दर नाताळाला मला कार्ड पाठवतो. त्याला सांधेदुखी आहे, त्यावर काय घेऊ म्हणून विचारलंय त्याने. मेल्याची गोष्ट मी रचली. टाळ्यांसाठी रचली. मी खोटं बोललो."

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. नत्थूचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. इतकी वर्षं स्टेजच्या मागे राहून तो स्टेज माझ्यापेक्षा चांगलं शिकला होता.

"पाहा! पेटीसमोर खोटं बोलून राहिला हा! आता पेटीच सांगन!" त्याने प्लग उपसला, कुंकवाचं बोट टेकवलं, खोचला. घूंऽऽऽ. "बहिनीच्या आधी भावानं लावावा हात!"

"लावा! लावा!" लोक उठून उभे राहिले. कोणीतरी माझ्या चपला ओढून काढल्या, माझ्या पायांवर तांब्या रिकामा झाला. पायाखाली थंडगार चिखल लागला. देवराव आला नव्हता. काचेतला निळा उजेड हलला आणि, लाज वाटते पण लिहितो, त्या क्षणी मला वाटलं की साहेब खरंच आत आहे आणि सात वर्षांचा हिशेब मागतोय.

प्लग खोचून नत्थू मागच्या लाकडी व्यासपीठावर जाऊन मांडी घालून बसला होता. खडावा खाली शेजारीच काढून ठेवलेल्या. देवरावचं 'लाकडाच्या' मला आठवलं. मी धोतराच्या सोग्याने दोन्ही पाय खसाखसा पुसले, खडावांत घातले आणि डोळे मिटून म्हणालो, "माझं नाव तुळसाबाई. मी कोराडीचा राजा आहे. मला चार शिंगं आहेत."

आणि तारांवर हात ठेवला.

काहीही झालं नाही. तारा जराशा थंड लागल्या, एवढंच. मी डोळे उघडले.

"इतकं खोटं बोललो," मी ओरडलो, "पेटीनं काय केलं माझं?"

मला वाटलं, जिंकलो. पण लोकांची अक्कल किती लांब पळते ते मला ठाऊक नव्हतं.

"बाबाच्या खडावांचं तेज!" एक म्हातारा ओरडला. "खडावांनी वाचवलं त्याले!"

"खडावांनी वाचवलं, खरंच!" मी म्हणालो. "मग बाबांनी उतरावं खाली. अनवाणी. पाय धुवून. आणि आपलं नाव सांगून लावावा हात."

नत्थू हलला नाही. लोक त्याच्याकडे पाहायला लागले. तेवढ्यात गर्दी सारत देवराव आत आला, अंगावर ड्यूटीचेच कपडे, काखेत पिशवी. त्याने मला पेटीपासून बाजूला केलं, रबरी हातमोजे चढवले, पिशवीतून होल्डरमध्ये लावलेला बल्ब काढला. होल्डरची एक तार गिटारच्या तारेला अडकवली. दुसरी मंडपाच्या लोखंडी खुंटीला, जी ओल्या जमिनीत ठोकलेली होती.

बल्ब भक्कन पेटला.

"हा बल्ब काल सीताबर्डीवरून आनला," देवराव म्हणाला. "यानं कोनाचा बैल मारला? कोनावर करनी केली?"

मग देवराव तुळसाबाईकडे वळला. "मावशी, इकडं या. भिऊ नका, या लाकडाच्या पाटावर उभ्या राहा. हा प्लग काढा. कुंकू वर दिसते? आता हळद वर करून खोचा."

तुळसाबाईने खोचला. बल्ब विझलेला राहिला.

"पुन्हा उलटा."

पेटला. तिने पुन्हा फिरवला, विझला. कोणी न सांगता तिने चार-पाच वेळा तो प्लग फिरवला. पेटायचा, विझायचा. मग ती पाटावरच मटकन बसली.

"मंग माहा नातू कायनं गेला वं, प्रेमिला?"

देवरावनेच विचारलं, "डॉक्टर काय म्हनला होता?"

"कावीळ म्हने. भरती करा म्हने." तिने पदर तोंडाला लावला. "आमी उतारा केला."

कोपऱ्यातून रामाजी उठून पुढे आला. झाडू हातातच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, बल्बकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मंग म्या इख नोयतं घातलं का गा, भाऊ?" आठ दिवसांत त्या माणसाला स्वतःचीच खात्री राहिली नव्हती.

तेवढ्या गडबडीत नत्थू पडद्यामागून पसार झाला होता, अनवाणीच, कारण खडावा माझ्या पायांत होत्या. देवरावने वीज बंद केली आणि पेटीचा मागचा फळा सर्वांसमोर उघडला. आत जळून काळा पडलेला, भुईमुगाच्या शेंगेएवढा कपॅसिटर होता. निळा उजेड जुन्या व्हॉल्व्हच्या काचेतला. आणि माझा तो नावाजलेला टोन? लाऊडस्पीकरचा कागद फाटलेला होता आणि साहेबाने तो सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा डिंकाने लावून जोडला होता. म्हातारे व्हॉल्व्ह आणि फाटका कागद, यांच्या जोरावर मी गोष्टीत एक जिवंत माणूस मारला होता.

बायजाबाई कोरड्या पायांनी घरी गेली. तुळसाबाईने प्रेमिलाची माफी मागितली नाही, पण परतताना तिचा हात धरून चालली.

मी त्या दोघींच्या मागे चाललो होतो. घराच्या वळणाशी प्रेमिला मागे राहिली.

"दादा, पडद्यामागं काय बोलला तो तुझ्याशी?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, मान डोलावली तेही.

ती म्हणाली, "म्हंजे त्यानं हळद वर लावली असती, मी सुटली असती, तर तूबी हात जोडले असते. आन मीबी जोडले असते. गावभर सांगितलं असतं, पेटी खरी आहे म्हून."

तिच्या त्या बोलण्याचं उत्तर मी इथे लिहितो आहे. चमत्काराने आपलं वाईट केलं तर आपण त्याला ठकबाजी म्हणू. आपलं भलं केलं तर? तेव्हाच खरी परीक्षा. जो बाबा तुम्हाला निर्दोष ठरवतो, ज्याच्या अंगाऱ्याने तुमचा ताप उतरला, ज्याने तुमच्या पोराची नोकरी सांगितली, त्यालाही विचारा: कसं केलंस? प्लग कोणाच्या हातात आहे? पेटीचा मागचा फळा उघडून दाखव. दाखवत नसेल तर, भल्या माणसांनो, हात जोडू नका. तुमच्यासाठी हळद वर असते तेव्हा तुमच्यामागे रांगेत पाय धुवून कोणीतरी उभं असतं.